दिशादर्शक उपग्रहांच्या परावर्तित सिग्नलांवरून समुद्रावरचा बर्फ कसा मोजावा

जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि बेइदू या चारही प्रणालींचे उपग्रह पृथ्वीच्या दिशेने रात्रंदिवस सिग्नल पाठवीत असतात. त्यांपैकी जो सिग्नल समुद्रावर आदळून पुन्हा आकाशाकडे उसळतो, तो दिशादर्शनाच्या दृष्टीने वाया गेलेला असतो. पण खालच्या कक्षेतून फिरणाऱ्या एखाद्या लहान उपग्रहाने जमिनीकडे तोंड केलेल्या अँटेनाने तो टिपला, तर तो ज्या पृष्ठभागावरून आला त्याची बरीच हकिकत त्यातून काढता येते. अशा उपग्रहाला स्वतःचा ट्रान्समीटर बाळगावा लागत नाही, त्यामुळे उपकरण लहान आणि विजेचा खर्च थोडा. ढगांचा अडथळा नाही आणि सहा-सहा महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीचाही नाही. परावर्तित सिग्नलांवरून समुद्राची उंची मोजण्याची कल्पना मानुएल मार्तिन-नेइरा यांनी १९९३ साली मांडली. पुढे २००३ मध्ये अवकाशात गेलेल्या यूके-डीएमसी या ब्रिटिश उपग्रहाने समुद्राबरोबरच बर्फावरूनही असे सिग्नल टिपता येतात हे दाखवून दिले.

पुढील मार्गदर्शन ज्याला थोडेफार प्रोग्रॅमिंग येते आणि ज्याला तयार विदा (डेटा) उतरवून घेऊन पाणी कुठे संपते आणि बर्फ कुठे सुरू होतो हे स्वतः काढून पाहायचे आहे, अशा वाचकासाठी आहे.

आधी एक उलटी वाटणारी गोष्ट

कामाला हात घालण्यापूर्वी एक गणित कागदावर करून पाहावे, कारण ते केले नाही तर पहिल्याच दिवशी गोंधळ उडतो. जीपीएसचा एल-१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे त्याची तरंगलांबी सुमारे १९ सेंटीमीटर. या तरंगलांबीला खारे पाणी हा फार चांगला आरसा आहे: सरळ वरून आलेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश ऊर्जा ते परत पाठवते. समुद्रावरच्या बर्फाचा परावैद्युत स्थिरांक (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो याचे माप) मात्र तीन-चारच्या आसपास असतो, त्यामुळे तो एक-दशांशाच्या आसपासच ऊर्जा परतवतो आणि बाकीची आत शिरू देतो. यावरून बर्फावरचे परावर्तन पाण्यापेक्षा मंद दिसेल असा कोणीही तर्क करील. प्रत्यक्ष नोंदी उघडल्या की बर्फावरून आलेल्या सिग्नलचा माथा बहुतेक वेळा पाण्यावरच्या माथ्यापेक्षा उंच आणि टोकदार निघतो.

याचे कारण पृष्ठभागाचा खडबडीतपणा. पृष्ठभागाची चढउतार तरंगलांबीच्या एक-अष्टमांशाहून कमी असेल, तर त्याच्या निरनिराळ्या भागांवरून येणाऱ्या लहरी एकमेकींशी जुळलेल्या राहतात आणि त्यांची बेरीज होते. सरळ वरून पाहताना ही मर्यादा सुमारे २.४ सेंटीमीटर इतकी येते. आपतन कोन (लंबरेषेशी सिग्नलने केलेला कोन) ६० अंशांचा असेल तर ती दुप्पट होते. वाऱ्याने हललेला समुद्र ही मर्यादा सहज ओलांडतो, आणि सिग्नल एका बिंदूवरून न येता कित्येक किलोमीटर पसरलेल्या चकाकत्या पट्ट्यावरून तुकड्यातुकड्यांनी येतो. मावळतीच्या वेळी शांत तळ्यात सूर्याचे एकच बिंब दिसते आणि लाटांच्या समुद्रात त्याचा लांबच लांब सोनेरी पट्टा पडतो, तसाच हा प्रकार. नव्याने गोठलेला सपाट बर्फ त्या तळ्यासारखा वागतो: आरसा हलक्या प्रतीचा, पण गुळगुळीत.

तेव्हा आपण मोजणार आहोत ती सिग्नलची तीव्रता नव्हे, तर त्याचा आकार. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीवर अवलंबून आहे.

विदा कोणती घ्यावी

शिकण्यासाठी माझी पसंती टेकडेमोसॅट-१ या उपग्रहाच्या विदेला आहे. तो ८ जुलै २०१४ रोजी बैकोनूरहून सोडण्यात आला. सुमारे ६३५ किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांच्या जवळून जाणाऱ्या कक्षेत तो फिरत असे आणि एका वेळी चार परावर्तने टिपत असे. त्याची विदा सहा-सहा तासांच्या तुकड्यांमध्ये, नेटसीडीएफ या फाइल-स्वरूपात दिली गेली. प्रत्येक तुकड्यात परावर्तित सिग्नलांच्या नकाशांची (ते काय, हे पुढे येईल) एक फाइल आणि प्रत्येक नकाशाची वेळ, स्थान, कोन, अँटेनाचा लाभांक (त्या दिशेचा सिग्नल ती किती वाढवून टिपते ते) अशी माहिती देणारी दुसरी फाइल असते. त्यावरील उपकरणांना पाळीपाळीने काम दिले जात असल्यामुळे परावर्तन टिपणारे उपकरण बराच काळ आठ दिवसांतून दोनच दिवस चालू असे. त्यामुळे सलग दैनंदिन नकाशे बनवण्याची अपेक्षा या विदेकडून ठेवू नये.

नवशिके हमखास सिग्नस या आठ उपग्रहांच्या मालिकेकडे वळतात, कारण तिची विदा मुबलक आहे. मात्र ती मालिका चक्रीवादळांसाठी असून तिच्या कक्षेचा कल ३५ अंशांचा आहे. ध्रुवीय समुद्र तिला दिसतच नाहीत. चीनच्या २०२१ मध्ये सोडलेल्या फेंगयुन-३ई या हवामान उपग्रहावरील उपकरण आणि २०२० साली गेलेली कातालोनियातील तंत्र विद्यापीठाची एफएसएसकॅट ही लघुउपग्रहांची जोडी यांनी मात्र ध्रुवीय बर्फावर काम केले आहे.

विदा उतरवल्यावर सगळीच वापरायची नाही. अँटेनाचा लाभांक परावर्तन बिंदूच्या दिशेने फार कमी असेल, आपतन कोन साधारण ५५ अंशांहून अधिक असेल किंवा सिग्नल गोंगाटात बुडालेला असेल, तर ती नोंद सरळ बाजूला काढावी. किनाऱ्यापासून निदान २५ किलोमीटर आत असलेले बिंदूच घ्यावेत, कारण जमिनीचा तुकडा दृष्टिक्षेत्रात आला की आकार बिघडतो आणि तो नेमका कशामुळे बिघडला हे मागाहून ओळखता येत नाही. या चाळणीत निम्म्याहून अधिक नोंदी गेल्या तरी हळहळू नये.

नकाशा वाचायला शिकणे

प्रत्येक नोंद म्हणजे एक विलंब-डॉप्लर नकाशा असतो. तो बनतो असा: प्रत्येक जीपीएस उपग्रह स्वतःची ठरलेली सांकेतिक मालिका पाठवतो, आणि ती एक मिलिसेकंदाने पुन्हा सुरू होते. ग्राहक यंत्र तिची हुबेहूब नक्कल स्वतः तयार करते, ती थोडीथोडी मागे सरकवते, तिची वारंवारता थोडीथोडी बदलते आणि आलेल्या सिग्नलशी प्रत्येक वेळी ताडून पाहते. किती मागे सरकवल्यावर जुळणी झाली तो विलंब. वारंवारता किती बदलल्यावर झाली तो डॉप्लर. अशा एक-एक मिलिसेकंदाच्या हजार जुळण्यांची शक्ती मिळवून एका सेकंदाचा एक नकाशा होतो. टेकडेमोसॅट-१ च्या नकाशात विलंबाचे १२८ आणि डॉप्लरचे २० कप्पे आहेत. विलंबाचा एक कप्पा सांकेतिक चिपच्या (म्हणजे त्या मालिकेतील एका घटकाच्या) सुमारे पाव भागाएवढा आणि डॉप्लरचा ५०० हर्ट्झचा. एक चिप म्हणजे सुमारे २९३ मीटर अंतर.

लाटांच्या समुद्रावर हा नकाशा घोड्याच्या नालासारखा दिसतो, कारण लांबून परावर्तित होणारे तुकडे उशिरा येतात आणि त्यांचा डॉप्लरही वेगळा असतो. सपाट बर्फावर नालाचे दोन्ही पाय नाहीसे होतात आणि मध्ये एक ठिपका उरतो.

त्या ठिपक्याचा आकार आधीच हिशेबाने सांगता येतो, म्हणून तो एकदा जवळून पाहावा. परिपूर्ण गुळगुळीत पृष्ठभागावरून आलेल्या सिग्नलची जुळणी विलंबाच्या दिशेने त्रिकोणासारखी उतरते आणि शक्ती म्हणजे तिचा वर्ग. माथ्याला १ मानले तर पाव चिप पुढे ०.५६, अर्ध्या चिपवर ०.२५, पाऊण चिपवर ०.०६ आणि एक चिप ओलांडताच शून्य. डॉप्लरच्या दिशेनेही तसेच: माथ्याच्या दोन्ही बाजूंच्या ५०० हर्ट्झच्या कप्प्यांत सुमारे ०.४१ आणि १००० हर्ट्झवर शून्य. प्रत्यक्ष यंत्रातील गाळणीमुळे कडा थोड्या गोलावतात आणि माथा कप्प्याच्या नेमका मध्यावर येतोच असे नाही, तरी चार-पाच कप्प्यांत सारा खेळ संपतो. आर्क्टिक हिवाळ्यातील एखादा नकाशा उघडून माथ्यापुढचे पाच आकडे छापून पाहावेत आणि या आकड्यांशेजारी लिहावेत. तेच वाऱ्याच्या समुद्रावरील नकाशाचे करावे; तेथे पाचव्या, दहाव्या कप्प्यातही सिग्नल रेंगाळलेला आढळेल. हा अर्ध्या तासाचा उद्योग टाळून थेट यंत्रशिक्षणाच्या मागे लागणारे लोक नंतर आठवडे वाया घालवतात असे माझे निरीक्षण आहे.

शेपटी मोजणे

आता गोंगाट वजा करावा. परावर्तन बिंदूवरून येणारा मार्ग सर्वांत आखूड असतो. त्यामुळे माथ्याच्या एक चिपहून अधिक अलीकडच्या कप्प्यांत त्या परावर्तनाचा सिग्नल असूच शकत नाही. त्या कप्प्यांची सरासरी म्हणजे शुद्ध गोंगाट. ती संपूर्ण नकाशातून वजा करावी, सर्व डॉप्लर स्तंभांची बेरीज करून एकच विलंब-तरंगाकृती तयार करावी आणि तिला तिच्याच माथ्याने भागावे. या भागाकाराने उपग्रहाची प्रक्षेपणशक्ती, अँटेनाचा लाभांक, अंतर अशा बऱ्याच डोकेदुखीच्या गोष्टी आपोआप निघून जातात. जीपीएस उपग्रहांच्या निरनिराळ्या पिढ्यांची शक्ती सारखी नसते आणि ग्राहक यंत्र स्वतःच आपले वर्धन बदलत असेल तर निव्वळ तीव्रतेची तुलना व्यर्थ ठरते. आकाराला यातल्या कशाचाच फारसा धक्का लागत नाही.

यानंतर माथ्यापुढे एक चिप सोडून तेथून तीन चिपपर्यंतचे क्षेत्रफळ काढावे. हीच शेपटी. आदर्श बर्फावर ती शून्याजवळ असते, समुद्रावर ठळक असते. काही हजार नोंदींचा आयतालेख (हिस्टोग्राम) काढला तर त्यात साधारणपणे दोन टेकाडे दिसतात, आणि सीमारेषा त्यांच्यामधल्या दरीत ओढावी. शेपटीऐवजी उतार किती उभा आहे हे मोजणे, ठरावीक उंचीवरील कप्पे मोजणे, किंवा वर सांगितलेल्या आदर्श आकाराशी तरंगाकृती किती जुळते हे काढणे, असे अनेक पर्याय संशोधकांनी वापरले आहेत. शेवटचा पर्याय मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात आपण नेमके काय गृहीत धरले आहे हे उघड दिसते. तरी सुरुवात शेपटीनेच करावी. ती चुकली तर डोळ्यांनी पाहून कळते.

एका नोंदीने किती जागा पाहिली, हेही लक्षात ठेवावे. गुळगुळीत बर्फावर बहुतेक ऊर्जा सुमारे सहाशे मीटर रुंदीच्या पट्ट्यातून येते, पण एका सेकंदात परावर्तन बिंदू सहा-एक किलोमीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे प्रत्येक नोंद ही एक लांबट, अरुंद पट्टी असते. समुद्रावर मात्र पहिल्या चिपचे क्षेत्रच त्रिज्येने १५ ते २० किलोमीटरचे असते. बर्फाच्या कडेवर या दोन मापांची सरमिसळ होते, आणि तेथील नोंदी नेहमी दरीत पडतात. त्यांना बळेच एका बाजूला ढकलू नये. ‘मिश्र’ असा तिसरा वर्ग ठेवणे अधिक बरे.

पडताळा

तुलनेसाठी सूक्ष्मतरंग किरणमापकांवरून (पृष्ठभागातून आपोआप निघणारे सूक्ष्मतरंग मोजणाऱ्या उपकरणांवरून) काढलेले बर्फाच्या प्रमाणाचे दैनंदिन नकाशे वापरावेत. युरोपातील ओएसआय-सॅफ हे केंद्र १० किलोमीटरच्या जाळीवर असे नकाशे देते. ज्या कप्प्यात बर्फाचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तो बर्फाचा धरावा, हा प्रघात आहे. जाळी ध्रुवीय प्रक्षेपावर असते, त्यामुळे अक्षांश-रेखांशांचे रूपांतर न करता सर्वांत जवळचा कप्पा शोधू नये. ध्रुवाजवळ एक अंश रेखांशाचे अंतर इतके आखडते की उत्तर भलतेच येते.

मी स्वतः केलेली एक चूक येथे सांगून ठेवतो. पहिल्या प्रयत्नात मी सगळ्या नोंदी पिसून त्यातल्या काही सीमारेषा ठरवायला आणि उरलेल्या तपासायला घेतल्या, आणि निकाल इतका सुंदर आला की दोन दिवस मी खूश होतो. लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये सहाच किलोमीटरांचे अंतर असते आणि त्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी असतात, हे माझ्या ध्यानात आले नव्हते; प्रश्नपत्रिकाच उत्तरपत्रिकेत शिरली होती. म्हणून विभागणी काळानुसार करावी: एका वर्षाच्या नोंदींवर सीमारेषा ठरवावी, दुसऱ्या वर्षावर तपासावी. शिवाय एकूण अचूकतेचा एकच आकडा सांगून थांबू नये. विषुववृत्तापर्यंतचा समुद्र हिशेबात धरला तर सगळीकडे ‘पाणी’ म्हणणाराही उत्तम गुण मिळवतो. बर्फ असताना तो किती वेळा सापडला आणि नसताना किती वेळा ‘सापडला’, हे दोन आकडे वेगळे, आणि तेही बर्फाच्या कडेजवळच्या पट्ट्यासाठी वेगळे द्यावेत.

फसवणारी पाणी

शांत समुद्र हा या पद्धतीचा जुना शत्रू आहे. वारा अगदी पडला की पाणीही आरसा होते, शेपटी नाहीशी होते आणि उष्ण समुद्रावरसुद्धा ‘बर्फ’ दिसू लागतो. यावर दोन उपाय आहेत. हवामानाच्या पुनर्विश्लेषणातून (जुनी निरीक्षणे आणि संगणकीय प्रारूप जुळवून काढलेल्या नोंदींतून) त्या ठिकाणचा वारा घेऊन सेकंदाला तीन-चार मीटरांहून मंद वाऱ्याच्या नोंदींवर शंकेची खूण करणे हा पहिला. दुसऱ्यासाठी परावर्तकता काढावी लागते, म्हणजे आधी भागाकाराने घालवलेली शक्ती, लाभांक आणि अंतरे पुन्हा हिशेबात आणावी लागतात. गुळगुळीत पाणी गुळगुळीत बर्फापेक्षा आठ-नऊ डेसिबलने उजळ असते, त्यामुळे विदेचे अंशांकन (कॅलिब्रेशन) बरे असेल तर दोघांतला फरक कळतो. याच फरकाने बर्फातल्या मोकळ्या पाण्याच्या भेगाही उठून दिसतात.

याउलट, दाबाने एकमेकांवर चढलेल्या कड्यांचा जुना बर्फ खडबडीत असतो आणि त्याची तरंगाकृती समुद्राच्या दिशेने झुकते. असा बर्फ ‘पाणी’ म्हणून निसटला, तर ती सीमारेषेची चूक नसून पद्धतीचीच मर्यादा आहे हे मान्य करावे.

उन्हाळ्यात पंचाईत वेगळी होते. बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. किरणमापकाला ती मोकळ्या समुद्रासारखी भासतात आणि तो बर्फाचे प्रमाण कमी दाखवतो. परावर्तित सिग्नलाला मात्र त्या डबक्यांवर मोठ्या लाटा उठायला जागाच नसल्याने आकार टोकदारच दिसू शकतो. जून-जुलैमध्ये आपले उत्तर आणि तुलनेचा नकाशा यांच्यात तफावत पडली, तर आपणच चुकलो असे समजून लगेच सीमारेषा हलवू नये. सीमारेषा हिवाळ्याच्या विदेवर ठरवावी आणि उन्हाळ्याचा निकाल स्वतंत्र सांगावा.

उंची आणि जाडी

बर्फ आहे की नाही हे कळल्यावर पुढचा प्रश्न जाडीचा येतो. समुद्रावरच्या बर्फाची घनता खाऱ्या पाण्याच्या सुमारे नऊ-दशांश असल्याने त्याचा एक-दशांशच भाग पाण्यावर असतो: दीड मीटर जाडीचा बर्फ, वर बर्फाचा चुरा साचलेला नसेल तर, सोळा-एक सेंटीमीटरच डोके वर काढतो. उलट हिशेब करताना उंचीतली एका सेंटीमीटरची चूक जाडीत दहा सेंटीमीटरची होते. सांकेतिक चिप २९३ मीटरची असताना केवळ विलंबावरून इतकी बारीक उंची मिळणार नाही हे उघड आहे.

तेथे लहरीची कला (फेज, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात त्या क्षणी कुठे आहे ते) वापरावी लागते. पृष्ठभाग सरळ खाली असेल तर तो साडेनऊ सेंटीमीटर वर-खाली झाला की कलेचे एक पूर्ण आवर्तन होते, आणि आवर्तनाचा अंशही मोजता येत असल्याने सेंटीमीटरांच्या पातळीवर पोहोचता येते. जानेवारी २०१५ मध्ये हडसन उपसागरावर टेकडेमोसॅट-१ ने नोंदवलेल्या कच्च्या सिग्नलवरून संशोधकांनी हे करून दाखवले. यासाठी वर वर्णिलेले नकाशे पुरत नाहीत, कारण हजार जुळण्यांची शक्ती मिळवताना कला पुसली जाते. मूळ, न मिळवलेले नमुनेच लागतात आणि ते मोजक्याच ठिकाणांचे उपलब्ध असतात. शिवाय कला सांगते ती उंचीतील बदल, संपूर्ण उंची नव्हे. मध्येच सिग्नल क्षीण होऊन एखादे आवर्तन निसटले तर त्यापुढचा सारा मार्ग एका पायरीने सरकतो. म्हणून मार्गावरील प्रत्येक उडी तपासावी: ती साडेनऊ सेंटीमीटर भागिले आपतन कोनाची कोज्या या मापाच्या पूर्ण पटीत असेल तर तो बर्फ नव्हे, निसटलेले आवर्तन समजावे आणि ती उडी काढून टाकूनच आलेख पुढे न्यावा.